रस्त्याकडची तिकोनी जागा

"ह्यो आमचा गोठा व्हय?" कागदावर वाकून एका म्हातारीनं विचारलं. "मग त्येच्या म्होरं ह्यो काळा ठिपका कशाचा?"

"म्हस बसली आसंल तुजी," मागून कुणीतरी म्हणालं आणि शाळेच्या खोलीत हशा झाला.

हिरडेवाडीच्या शाळेत जमिनीवर मी उपग्रहचित्राचा भलामोठा कागद पसरला होता. दारातून वारा शिरत होता म्हणून चारी कोपऱ्यांवर मुलांच्या पाट्या ठेवल्या होत्या. सगळी वाडी त्याच्याभोवती दाटीवाटीनं बसली होती. आपलं घर, आपल्या शेताची ताल, आपलं फणसाचं झाड जो तो शोधत होता आणि सापडलं की शेजारच्याच्या मांडीवर थाप मारून दाखवत होता. चपला बाहेर काढलेल्या होत्या तरी कागदावर पाय ठेवायला कुणी धजत नव्हतं.

एकटे तात्या शेलार तेवढे भिंतीला टेकून लांब बसले होते. वाडीतलं थोरलं घर त्यांचं. त्यांनी एकदाच मान उंचावून बघितलं आणि म्हणाले, "वरनं समद्यांची घरं सारखीच दिसत्यात की."

त्याच्या आधीच्या पावसाळ्यात वाडीच्या डोक्यावरच्या डोंगराला भेग पडली होती. दोन बांध खचले, एक गोठा गेला, माणूस कुणी दगावलं नाही. पण तज्ज्ञांनी येऊन सांगितलं की ही वाडी इथं ठेवता यायची नाही. खाली डांबरी रस्त्याच्या कडेला गायरान होतं, तिथं नवी वसाहत बसवायची ठरली. नकाशाचं काम पुण्यातल्या आमच्या लहानशा कंपनीला मिळालं. वरच्या वाडीतलं प्रत्येक घर मोजायचं, संगणकावर चढवायचं, प्रत्येक घराच्या आकृतीला त्यातल्या माणसांची माहिती जोडायची आणि मग खालच्या माळाचे चढउतार, ओढे, माती बघून नव्या वसाहतीची आखणी करायची.

मी तेव्हा पंचविशीत होते. भौगोलिक माहिती प्रणाली हा विषय घेऊन शिकले होते, पण घरी मावशी अजून विचारायची, "म्हणजे भूगोल शिकवतेस ना?" आता ज्याला त्याला फोनवर स्वतःच्या घराचं छप्पर दिसतं, तेव्हा तसं नव्हतं. पाठीवर अँटेना आणि हातात विटेएवढं जड यंत्र घेऊन मी एकेका घराच्या कोपऱ्यावर उभी राहायचे. डोंगराच्या आडोशामुळे उपग्रह लवकर सापडायचे नाहीत, आणि तोवर त्या घरातली बाई चहा टाकून मोकळी व्हायची. त्या महिन्यात मी जेवढा चहा प्यायले तेवढा पुन्हा कधी प्यायले नाही.

माझे वरिष्ठ बर्गेसाहेब. नगररचना खात्यातून निवृत्त होऊन आमच्या कंपनीत आले होते. संगणकाशी त्यांचं फारसं जमायचं नाही. मी काढलेली आखणी ते छापून घ्यायचे, खिशातली पेन्सिल काढायचे आणि कागदावर वाकून गुणगुणत बसायचे. ते शाळेतच झोपायचे. माझी सोय तानूबाई शेलारांकडे केली होती, कारण त्या एकट्याच राहायच्या.

तानूबाई म्हणजे तात्यांच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ वारून बरीच वर्षं झाली होती. पन्नाशीच्या, उंच, काटक बाई. शेलारांच्या आळीत अगदी मधोमध त्यांचं घर होतं. मागे डोंगर, दोन्ही अंगांना दिरांची घरं, आणि पुढचं दार तात्यांच्या अंगणात उघडायचं. नकाशावर मी ते घर काढलं तेव्हा बर्गेसाहेब म्हणाले होते, "या बाईला भाऊबंदकीनं चांगलं कुशीत घेतलंय."

त्या फार बोलायच्या नाहीत. संध्याकाळी चुलीपुढे नाचणीची भाकरी थापताना मी शेजारी बसून माहितीचा तक्ता भरायचे. त्यांच्या घराची पाळी आली तेव्हा मी विचारलं, "मावशी, घरात माणसं किती?"

"मी येकलीच."

"मुलंबाळं?"

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. "न्हाईत," त्या म्हणाल्या, आणि माझ्या ताटात दह्याची वाटी ठेवली.

नव्या वसाहतीत प्लॉट कसे वाटायचे यावर वाद झाला. येणाऱ्या अधिकाऱ्यांना चिठ्ठ्या टाकायच्या होत्या, म्हणजे कुणाची तक्रार नको. वाडीनं साफ नकार दिला. तात्या म्हणाले, "जमीन सरकारची, घर सरकारचं, समदं कबूल. पर शेजार आमचा आम्हाला पायजे. बाळंतीण अडली तर मी चिठ्ठीतल्या शेजाऱ्याला उठवू व्हय?" बर्गेसाहेबांनी त्यांची बाजू घेतली. मग मी एक नवाच तक्ता केला. कुणाच्या डाव्या हाताला कोण, कुणाचं दार कुणाच्या दारासमोर, कोण कुणाच्या भिंतीला भिंत लावून. तोच शेजार खाली माळावर जसाच्या तसा उतरवायचा. हे काम मला इतकं आवडलं की मी जेवणखाण विसरले. आजवर मी रस्ते आणि नाले आखले होते, माणसांचं लगत असणं कधी आखलं नव्हतं.

शेलारांची आळी मात्र बसेना. माळाच्या ज्या पट्टीत ती यायला हवी होती, तिच्या टोकाला ओढा होता आणि शेवटचं घर ओढ्याच्या फार जवळ जात होतं. शेवटी बर्गेसाहेबांनी सगळ्यांचे प्लॉट जरासे अरुंद करून आळी कशीबशी कोंबली. "गच्च झालंय," ते म्हणाले, "पण एकत्र राहतील."

त्या दिवशी दुपारी मी तो कागद घेऊन तानूबाईंकडे आले. त्यांना त्यांचं नवं घर दाखवावं म्हणून ओसरीवर पसरला.

"हे तात्यांचं. आणि हे बघा, त्यांच्या शेजारी तुमचं. इथल्यासारखंच."

त्यांनी तिकडे नुसतं बघितलं. मग त्यांची नजर कागदाच्या खालच्या बाजूला गेली. तिथं डांबरी रस्ता वळत होता आणि वळणात एक तिकोनी तुकडा उरला होता.

"आन हे काय?"

"रस्त्याखालच्या मोरीजवळची जागा. उरलीय. तिथं एसटी थांबणार आहे, गाड्यांची धूळ येणार. कुणाला द्यायची नाही असं ठरलंय."

"मला द्या."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "मावशी, ही वसाहतीच्या बाहेरच पडते. सगळ्यांपासून लांब."

"व्हय. दिसतंय मला." त्यांनी बोट त्या तिकोनावर ठेवलं. कागदाला हात लावताना मी त्यांना पहिल्यांदा बघत होते. "ताई, मी कधी कुणाकडं काय मागितलं न्हाय. येवढं करा. आन मी मागितली आसं कुणाला सांगू नका."

"पण का?"

"ते इचारू नका."

मी विचारलं नाही, पण मनात उत्तर तयार होतं. एकटी विधवा बाई, चहूबाजूंनी दीर, अंगणावर तात्यांची नजर. त्रास असणार. काय त्रास, याचे मी नाना तर्क केले आणि तात्यांनी त्या संध्याकाळी मला पाठवलेला काकडीचा वाटा मी खाल्ला नाही.

बर्गेसाहेबांना सांगितलं. ते बराच वेळ पेन्सिल कानामागे सारत आणि काढत राहिले.

"कारण सांगितलं?"

"नाही. तिला आळीत त्रास असणार, सर."

"ते तू सांगतेयस. ती नाही." त्यांनी कागद जवळ ओढला. "मृणाल, नकाशाला पटेल असं कारण असेल तरच हलवू. उगाच कुणाच्या सांगण्यावरून घर हलवलं तर उद्या दहा जण येतील."

आम्ही दोघं पुन्हा खाली माळावर गेलो. आळीतून एक घर कमी केलं तर काय होतं, ते फिरून मोजलं. एक घर काढलं की आळी ओढ्यापासून चांगली लांब सरकत होती, आणि प्रत्येकाला परसाला जागा मिळत होती. खरं तर तीच आखणी बरोबर होती. आम्हीच शेजाराच्या हट्टापायी सगळ्यांना आवळून बसवलं होतं. तिकोनी जागेत मोठं घर बसत नव्हतं, लहान बसत होतं.

"कुणीतरी बाहेर पडायला हवंच," साहेब म्हणाले. "मग जिला पडायचंय तिला पडू दे."

सभा शाळेतच झाली. आता कागद भिंतीवर लावला होता आणि मी पट्टीनं एकेक घर दाखवत होते. शेलारांच्या आळीपाशी आले, ओढ्याची अडचण सांगितली, आणि तानूबाईंचं घर रस्त्याकडच्या तिकोनी जागेत जाईल असं एका दमात बोलून टाकलं.

तात्या भिंतीपासून उठले आणि पहिल्यांदा नकाशाजवळ आले.

"आमच्या घरची बाई रस्त्याव ऱ्हानार?"

"तात्या, जागाच तशी आहे. ओढा..."

"वढा मला दिसतोय. तो तुमच्या आदी मी बगितलाय." त्यांचा आवाज चढला नव्हता. "येकली बाई हाय. धाकटा मरताना माज्या हातात हात दिवून गेलाय. माजा संपत जाईल रस्त्याला. त्येला तितं टपरी टाकता यील."

मी म्हणाले, "संपतरावांच्या घरात माणसं जास्त. तिथं तेवढं घर बसत नाही. एकदोन माणसांपुरतीच जागा आहे."

"मग मी जातो. मी आन म्हातारी. आम्ही दोगंच की."

ज्या माणसाला मी मनात इतके दिवस आरोपी करून ठेवलं होतं, तो आपलं घर देऊन भावजयीला आळीत ठेवायला निघाला होता. मी बर्गेसाहेबांकडे बघितलं. ते खाली बघत होते. बायकांच्या घोळक्यात तानूबाई बसल्या होत्या, पदर कपाळाच्या खाली ओढलेला. थोरल्या दिरापुढे त्या कधीच बोलत नसत. मला वाटलं, संपलं आता.

तेवढ्यात पदराआडून आवाज आला. "थोरल्या घरानं आळीचं त्वांड सोडू न्हाई."

सगळ्यांच्या माना वळल्या.

"मामांजींनी त्ये घर थोरल्याला दिलं त्ये आळी राखाया," तानूबाई जमिनीकडे बघत म्हणाल्या. "थोरलं दाजी रस्त्याला गेलं तर आळी कुणाच्या तोंडाकडं बगंल? मी काय, हितं काय आन तितं काय. सरकार म्हनतंय तितं ऱ्हाईन."

तात्यांच्याच मानाचं बोलणं त्यांच्यापुढे आलं होतं, ते मोडायचं कसं? ते माझ्याकडे वळले.

"पोरी, तुज्या कागदापायी आमची बाई घराभाईर पडली," एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

उरलेले दिवस मला जड गेले. चहाला कुणी हाक मारेना. ज्या म्हातारीची म्हैस नकाशावर बसली होती तीही मला बघून आत जायची. तानूबाई मात्र रोजच्यासारखी भाकरी थापत होत्या, मी बोलायला गेले की दुसरंच काही काढत होत्या. पुण्याला परतताना जीपमध्ये मी साहेबांना म्हणाले, "सर, तात्या वाईट नाहीत. मग आपण त्या बाईला कशापासून सोडवलं?"

"सोडवलं असं तुला कुणी सांगितलं?" ते म्हणाले. मग खिडकीबाहेर बघत राहिले.

पुढं दीडेक वर्षानं वसाहत उभी राहिली. बांधलेली घरं नकाशाप्रमाणे आहेत का ते तपासायला मला पाठवलं. बर्गेसाहेबांचे गुडघे तोवर चालेनासे झाले होते, म्हणून मी एकटीच गेले. चैत्रातलं ऊन होतं. सकाळच्या गाडीनं उतरले, यंत्र पाठीला लावून आळी मोजायला घेतली. माणसं बोलली. राग विसरून गेली होती, किंवा नव्या घरांच्या नादात आठवण्याइतका वेळ त्यांना नव्हता. म्हशीवाल्या म्हातारीनं चहा दिला. तानूबाईंचं दार मात्र सकाळी बंद होतं. आळीतल्या एका बाईनं सांगितलं, धुणं घेऊन ओढ्याला गेल्यात.

दुपारी मोजत मोजत मी रस्त्याच्या वळणाशी आले. तिकोनी जागेत दोन खोल्यांचं घर, पुढं सारवलेलं एवढंसं अंगण, तुळस, कडेनं झेंडू. तानूबाई दारात उभ्या होत्या. मला बघून हसल्या, पण लक्ष रस्त्याकडे होतं.

"या ताई. वाईच थांबा हं. गाडी यायची हाय."

गाडी आली, मोरीपाशी थांबली. एक तरुण बाई कडेवरच्या मुलीला सांभाळत उतरली आणि चार पावलांत अंगणात आली. तानूबाईंनी तिच्याकडून मूल घेतलं. ते इतक्या घाईनं घेतलं की मुलीच्या पायातलं एक पैंजण निसटून खाली पडलं. मी ते उचललं.

"ही वनिता," तानूबाई म्हणाल्या. "माजी पोर."

मी हातात पैंजण घेऊन उभी राहिले. मुलंबाळं न्हाईत, असं माझ्या तक्त्यात होतं.

आत बसल्यावर कळलं. वनितानं कऱ्हाडला शिकत असताना परजातीतल्या मुलाशी लग्न केलं. तात्यांनी सगळ्या भाऊबंदांसमोर शब्द दिला की ही पोर माझ्या अंगणातून परत चालणार नाही. तानूबाईंच्या दारात जायला दुसरी वाटच नव्हती. मागं डोंगर, बाजूला भिंती.

"आईला भेटायचं तर बाजारच्या दिवशी कुणाच्यातरी दुकानात," वनिता सांगत होती. "तेपण अर्धा तास. ही झाली तवा आई आलीच न्हाई. बाळंतपणाला जाती म्हनून तात्यांना सांगायचं कसं?"

"त्यांचा सबुद मोडावा आसं माज्याच्यानं झालं नसतं," तानूबाई म्हणाल्या. मुलीला मांडीवर घेऊन त्या तिला गूळ-शेंगदाण्याचा बारीक कूट भरवत होत्या. "त्यांनी माजं काय वाईट केलं न्हाय. धनी गेल्याव त्यांनीच सांबाळलं. पर पोर ती पोर. ह्यो रस्ता काय कुणाचं आंगन न्हाय. हितं यायला तिला कुणाच्या दारावनं जाया लागत न्हाय. तुमच्या कागदाव बगितलं आन ध्यानात आलं."

"मावशी, मला तेव्हा सांगितलं असतं तर?"

"सांगितलं आस्तं तर तुम्ही सबेत सांगितलं आस्तं. तुमच्या पोटात राहिलं नसतं." त्या हसल्या. "तुम्ही लई चांगल्या, ताई. म्हनूनच न्हाय सांगितलं."

मला राग यायला हवा होता, पण हसूच आलं. वनिताही हसली.

मी उरलेलं मोजायला बाहेर आले तेव्हा तात्या काठी टेकत वळणाशी उभे होते. दीड वर्षात ते बरेच वाकले होते. मी नमस्कार केला. त्यांनी मान हलवली. घराकडे पाठ करून ते थोडा वेळ मोरीकडे बघत राहिले.

"म्याडम," शेवटी म्हणाले, "पावसाचं पानी ह्या कोपऱ्याला थांबतं. गेल्या साली गुडगाभर साचल्यालं. तुमच्या कागदात काय गटार-बिटार बसतं का बगा."

"बघते, तात्या."

"बगा. ल्हान पोर खेळतं हितं."

हे बोलताना त्यांनी घराकडे नजर टाकली नाही. काठी वळवली आणि आळीकडे निघून गेले. मी तिथंच उतार मोजला. पाणी खरंच थांबत होतं. आमच्या आखणीत चूक नव्हती, पण रस्ता नंतर उंच केला होता. घरापासून ओढ्यापर्यंत एक गटाराची रेघ मी नव्यानं आखली. पुण्यात बर्गेसाहेबांनी ती बघितली, कुणी मागितली विचारलं, आणि तात्यांचं नाव ऐकून कागदावर सही करताना बराच वेळ गुणगुणत राहिले. साहेबांना जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. ते गुणगुणणं कुठल्या गाण्याचं होतं, ते विचारायचं राहून गेलं.

त्या दिवशी परतीच्या गाडीला वनिता आणि मी एकत्रच चढलो. मूल झोपलं होतं. खिडकीतून तिनं आईला हात केला, मग मला कोपरानं ढोसून म्हणाली, "तिकडं बगा, आळीच्या त्वांडाला."

तात्या तिथं उभे होते. एका हातानं डोळ्यांवरचं ऊन अडवत गाडीकडे बघत होते.

"माज्याशी बोलत न्हाईत," वनिता म्हणाली. "कदी बोलायचेबी न्हाईत. पर आई म्हनती, मी येनार आसलं की यस्टीच्या टायमाला तितं येऊन उबं राहत्यात. मी उतरून घरात जाईस्तवर. आन जाताना गाडी दिसंनाशी होईस्तवर."

कंडक्टरनं घंटी मारली. वळण घेईपर्यंत आम्ही दोघी मागे बघत होतो. ते हलले नव्हते.